आकडी आली तर चप्पल नको, घड्याळ पाहा

वस्तीत कोणाला आकडी आली की पहिली हाक ऐकू येते ती चपलेची. "चप्पल आणा, चप्पल!" कोणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कोणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतं, कोणी दातखीळ उघडायला चमचा शोधतं. दोन-तीन मिनिटांत माणूस सैल पडतो, हळूहळू डोळे उघडतो आणि चप्पल आणणारा म्हणतो, "बघा, उतरली!" हे आम्ही इतक्या वेळा पाहिलं आहे की या महिन्याचं आरोग्याचं पान त्यालाच द्यायचं ठरवलं.

चपलेने आकडी थांबत नाही. बहुतेक आकड्या एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल शोधून आणून नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो, आणि श्रेय चपलेला मिळतं. देवऋषीचा हिशेबही असाच चालतो. आकडी काही रोज येत नाही. एक आली की पुढची महिन्याने, कधी सहा महिन्यांनी. घरचे लोक आकडी येऊन गेल्यावर लगेच त्याच्याकडे जातात, अंगारा-धागा होतो, आणि पुढचे चार महिने शांत गेले की "गुण आला" म्हणतात. पाचव्या महिन्यात पुन्हा आली, तर "आपल्याकडूनच काहीतरी चुकलं असेल". या हिशेबात देवऋषी कधीच हरत नाही. हरतं ते पोर, कारण तेवढ्या काळात त्याला औषध मिळालेलं नसतं.

आकडी, फिट, मिरगी, फेफरं ही एकाच आजाराची नावं. डॉक्टर त्याला अपस्मार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. त्याच संघटनेचं म्हणणं असं, की नीट निदान झालं आणि औषध मिळालं तर यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोक आकडीशिवाय जगू शकतात. गरीब देशांत मात्र चारपैकी तीन रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आजार बरा ठेवता येतो, औषध महाग नाही, आणि तरीही चारातले तिघे बाहेर.

आता मेंदूत काय होतं ते पाहू. आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. त्या एकमेकींशी अगदी बारीक विजेच्या लहरींनी आणि रसायनांनी बोलतात. ही वीज घरातल्या बटणाची नव्हे, फार सूक्ष्म असते. आपण हात उचलतो, आईला ओळखतो, पाढे आठवतो, ते सगळं या बोलण्यातून. मोठ्या मैदानावर सभा सुरू होण्यापूर्वी हजारो माणसं बसलेली असतात, जो तो शेजाऱ्याशी बोलत असतो, तसं मेंदूचं रोजचं काम चालतं. दुरून नुसती गुणगुण ऐकू येते, पण प्रत्येकाचं बोलणं चालू असतं. आता समजा एका कोपऱ्यात शंभर माणसांनी अचानक एकाच तालात टाळ्या सुरू केल्या आणि तो ताल सगळ्या मैदानभर पसरला, तर कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईल? मेंदूतल्या पेशी अशा एका तालात, एकदम पेटल्या की आकडी येते. काही मिनिटांत पेशी दमतात, मेंदूतली आवर घालणारी रसायनं त्यांना शांत करतात आणि ताल थांबतो. नंतर माणूस थकून झोपतो किंवा थोडा वेळ भांबावलेला राहतो, कारण मैदान पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो.

टाळ्या कुठल्या कोपऱ्यात सुरू झाल्या, त्यावर आकडीचं रूप ठरतं. सगळ्या मेंदूत पसरली तर माणूस पडतो, ताठ होतो, मग झटके येतात, तोंडाला फेस येतो, कधी लघवी होते. पण सगळ्या आकड्या अशा नसतात, आणि इथेच आपली सर्वांत जास्त फसगत होते. एखाद्याचा फक्त हात किंवा तोंडाची एक बाजू उडते, शुद्ध मात्र शाबूत. एखादी बाई काम करता करता थबकते, ओठ चाटते, पदर चिवडते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि दोन मिनिटांनी "काय झालं?" म्हणून विचारते. हिला "बाहेरचं लागलंय" म्हणणारे चार जण लगेच जमतात. शाळेतलं एखादं पोर दिवसातून कितीदा तरी दहा-पंधरा सेकंद टक लावून बघत राहतं, मग पुन्हा लिहू लागतं. त्याच्या वहीत मधली मधली वाक्यं गळालेली असतात. गुरुजी म्हणतात लक्ष नाही, घरी म्हणतात आळशी, आणि दोन्हीकडे मार. ही देखील आकडीच आहे आणि औषधाला फार चांगली दाद देते. आपल्या मुलाचं असं होत असेल तर मारण्याआधी डॉक्टरला दाखवा.

हे ज्ञान एका दिवसात आलेलं नाही. चरकसंहितेत अपस्माराचं वर्णन आहे. ग्रीसमध्ये सुमारे २४०० वर्षांपूर्वी या आजाराला पवित्र आजार म्हणत, देवाचा कोप समजत. तेव्हाच हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने लिहून ठेवलं, की हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त दैवी वगैरे नाही, त्याचं कारण मेंदूत आहे. पुढे १८७३ साली इंग्लंडमधल्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरने सांगितलं, की मेंदूच्या करड्या भागातून अचानक, जोराचा झोत सुटतो तीच आकडी. त्याने रुग्णांकडे बारकाईने पाहिलं होतं: झटका अंगठ्यात सुरू होतो, मग मनगट, मग दंड, मग चेहरा. यावरून त्याने ओळखलं की शरीराचे भाग मेंदूत कुठेतरी ओळीने मांडलेले असले पाहिजेत. १९२४ साली जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर याने माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूची वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली. आज सरकारी दवाखान्यात डोक्याला पेस्ट लावून जो ईईजी काढतात, तो त्याचाच पुढचा अवतार. त्यात शॉक देत नाहीत. तो मेंदूची वीज फक्त टिपतो, आत काही सोडत नाही. आमच्याकडे बायाबापड्या हे फार भीतभीत विचारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता आकडी चालू असताना काय करायचं ते. हे कापून विहारात लावलं तरी चालेल.

पहिलं काम घड्याळ बघण्याचं. किती वाजता सुरू झाली ते पक्कं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. चूल, स्टोव्ह, दगड, लोखंडी खाटेची कड जवळ असेल तर ती वस्तू बाजूला करा, ती हलत नसेल तरच माणसाला ओढा. डोक्याखाली ओढणी, गमछा, काहीतरी मऊ ठेवा. गळ्याशी आवळलेलं बटण, टाय, चष्मा काढा. झटके ओसरले की, किंवा जमलं तर आधीच, त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे थुंकी, फेस, उलटी बाहेर पडते आणि श्वासनळीत जात नाही. हातपाय दाबून धरू नका, त्याने झटके थांबत नाहीत, खांदा निखळू शकतो. तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, बोट नाही, पाणी तर अजिबात नाही. जीभ गिळली जाते ही समजूत खोटी आहे. जीभ चावली जाते, रक्त येतं, ते बघून जीव घाबरा होतो हे खरं, पण जिभेची जखम आठवड्याभरात भरते. चमच्याने तुटलेला दात परत येत नाही आणि तो श्वासनळीत गेला तर जीव जातो. गर्दी हटवा. बाईमाणूस असेल, लघवी झाली असेल, तर अंगावर चादर टाका. शुद्धीवर आल्यावर माणसाला सर्वांत जास्त लागतं ते चारचौघांनी आपल्याला तसं पाहिलं याचं.

पाच मिनिटं झाली आणि झटके थांबले नाहीत, तर १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या रिक्षाने मोठ्या दवाखान्यात न्या. एक आकडी थांबून शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, आयुष्यात पहिल्यांदाच आली, बाई गरोदर आहे, पाण्यात पडून आली, डोक्याला मार लागला, यांपैकी काहीही असेल तर पाच मिनिटांचीही वाट पाहू नका. लांबलेल्या आकडीने मेंदूला इजा होते, जीवही जातो. ज्यांच्या आकड्या लांबतात त्यांच्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो. तो घरात ठेवावा का आणि कसा वापरायचा, हे आपल्या डॉक्टरला विचारून ठेवा.

लहान मुलांच्या तापातल्या आकडीबद्दल वेगळं सांगायला हवं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला ताप चढताना एखादी आकडी येऊ शकते. ती दिसते भयंकर, पण यांतल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. तरी पहिल्या वेळी दवाखान्यात नेलंच पाहिजे, कारण ताप आणि आकडी हे मेंदूज्वराचंही लक्षण असतं. तापल्या सळईने पोटाला डाग देणारे अजून आहेत. त्या डागाने फक्त जखम होते.

आकडी का येते? कित्येकांत कारण सापडतच नाही, काहींत ते जन्मजात असतं. पण आपल्या वस्त्यांत दिसणारी बरीचशी कारणं टाळता येण्यासारखी आहेत, आणि ती वाचताना आपल्या लक्षात येईल की ती सगळी गरिबीच्या वाटेने येतात. बाळंतपण अडून बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडणं. हेल्मेटशिवाय मोटारसायकल, बांधकामावरून पडणं. मेंदूतला क्षयरोग. अर्धांगवायू. दारूबद्दलही इथेच सांगतो: वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. म्हणून व्यसन सोडायचा निश्चय केलेल्या माणसाला कोंडून ठेवू नका, डॉक्टरच्या मदतीने सोडवा. निश्चय चांगलाच आहे, पण मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ती काढताना औषधाचा आधार लागतो.

आणखी एक कारण आहे, त्याची अर्धवट माहिती सगळ्यांना असते: कोबीतला किडा. "कोबी खाल्ली की किडा डोक्यात जातो" म्हणून कित्येक घरांनी कोबीच बंद केली. हा किडा कोबीत जन्मत नाही. तो डुकराच्या मांसातल्या फीतकृमीचा प्रकार आहे. अर्धकच्चं, रोगट मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांब फीतकृमी वाढतो. मेंदूत मात्र तो तसा जात नाही. ज्याच्या आतड्यात कृमी आहे, त्याच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात. ती अंडी हाताला, पाण्याला, सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीला लागून दुसऱ्याच्या, किंवा त्याच माणसाच्या, तोंडात गेली की अळी रक्तातून मेंदूत पोचते आणि तिथे गाठ होते. म्हणून ज्याने जन्मात मांसाला हात लावला नाही त्यालाही ही गाठ होते. डुकरं पाळणाऱ्या किंवा खाणाऱ्या माणसाला दोष देणं म्हणूनच चूक आहे. दोष उघड्यावरच्या शौचाचा, तुंबलेल्या गटाराचा आणि पालिकेने न दिलेल्या पाण्याचा आहे. मांस पूर्ण शिजवा, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा, कच्ची खायची भाजी वाहत्या पाण्यात पानं सुटी करून धुवा. कोबी खुशाल खा.

आता औषधाकडे येऊ. १९१२ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर आकडीच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच राहत असे. रात्री रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून त्याने बाजारात नवी आलेली झोपेची गोळी, फिनोबार्बिटोन, त्यांना दिली, असं सांगतात. त्याच्या ध्यानात आलं की रुग्णांच्या आकड्याच कमी झाल्या, आणि रात्रीच्याच नव्हे, दिवसाच्याही. नंतर नाझी राजवटीत या माणसाला ज्यू म्हणून छळछावणीत टाकलं गेलं आणि त्याला देश सोडावा लागला. त्याने शोधलेला उपयोग मात्र आजही जगभर चालू आहे. १९३८ साली फेनिटोइन आलं, मग कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, अलीकडे लेव्हेटिरासेटाम. यांतली नेहमीची औषधं सरकारी रुग्णालयात मिळतात.

ही औषधं आजार मुळातून काढत नाहीत, पेशींना एका तालात पेटू देत नाहीत. रक्तात ती सतत ठरावीक प्रमाणात असावी लागतात. म्हणूनच सगळा खेळ रोजच्या गोळीवर आहे. आकडी आली की गोळी, नाही आली की बंद, असं चालत नाही. आणि आमच्या अनुभवात सगळ्यांत जास्त घात होतो तो इथेच: सहा महिने आकडी आली नाही, "आता बरा झाला", गोळ्या बंद. काही दिवसांत आकडी येते, कधी एकामागून एक, आणि माणूस अतिदक्षता विभागात. काही जण तिथून परत येत नाहीत. निदान दोन वर्षं एकही आकडी आली नाही, तर डॉक्टर गोळ्या बंद करण्याचा विचार करतात, आणि तेव्हाही महिन्यामहिन्याने थोड्या थोड्या कमी करतात. हा निर्णय घरात घ्यायचा नाही, औषधाच्या दुकानदाराने तर नाहीच नाही.

एखादी गोळी विसरली तर आठवताच घ्या. पुढच्या गोळीची वेळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका. उपोसथाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही. जागरणाने आकडी येते, तेव्हा जयंतीच्या रात्री गीतांचा कार्यक्रम पहाटेपर्यंत चालला तरी ज्याला आकडी येते त्याने वेळेवर झोपावं, बाकीच्यांनी त्याला खुशाल जाऊ द्यावं. विहिरीवर, नदीवर, तळ्यावर एकट्याने जाऊ नये. स्वयंपाक शक्यतो कोणीतरी जवळ असताना करावा, कारण चुलीवर, स्टोव्हवर पडून भाजलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. मोरीला आतून कडी लावू नये.

दवाखान्यात जाताना, आकडी ज्याने डोळ्यांनी पाहिली त्याला बरोबर न्या. रुग्णाला स्वतःला काही आठवत नसतं, आणि ईईजी निर्दोष आला तरी आजार नाही असं होत नाही. निदान मुख्यतः पाहिलेल्या हकिकतीवरून होतं. मोबाइलवर काढलेलं अर्ध्या मिनिटाचं चित्रण डॉक्टरला फार उपयोगी पडतं, मात्र ते फक्त डॉक्टरला दाखवायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. दोन-तीन औषधं नीट घेऊनही आकडी थांबत नसेल तर काहींना मेंदूची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून, आणि आता मुंबईसारख्या शहरांतही ती होते.

मुलींबद्दल आणखी थोडं. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं, म्हणून मुलगी वयात आली की डॉक्टरला स्पष्ट विचारावं, हिला हेच औषध पुढे चालू ठेवायचं का? फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन चालू असेल तर संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दिवस राहिल्यावर घाबरून औषध एकाएकी बंद करणं सर्वांत धोक्याचं, आईला आणि बाळाला दोघांनाही. फॉलिक आम्लाची गोळी आधीपासून सुरू करून, डॉक्टरच्या देखरेखीत, बहुतेक बायांना निरोगी मुलं होतात.

आणि लग्न. मुलीला आकडी येते हे लपवून लग्न ठरवलं जातं. हळदीपासून पाठवणीपर्यंत झोप नाही, आणि सासरी गोळ्यांची पुडी उघडायची चोरी. पहिल्याच आठवड्यात आकडी येते. मग "फसवलं" म्हणून पोरीला माहेरी आणून सोडतात. जी आकडी गोळीने थांबली असती ती लपवण्याने आली. स्थळाला आधी सांगावं, डॉक्टरची चिठ्ठी दाखवावी. चार स्थळं परत जातील, पाचवं माहीत असून येईल. मुलाच्या बाबतीतही हेच, पण मुलाचा आजार लपवण्याबद्दल कोणी बोलत नाही, तेव्हा आम्ही बोलतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. बौद्धांना विवाहाच्या बाबतीत हिंदू विवाह कायदा १९५५ लागू होतो. त्यात एके काळी अपस्मार असणं हे लग्न रद्द करण्याचं कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून तो शब्द काढून टाकला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका नवऱ्याचा दावा फेटाळताना सांगितलं, की अपस्मार हा बरा न होणारा आजार नाही, मानसिक विकारही नाही, आणि घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षेचा. आकडीवरून कोणा लेकीला घराबाहेर काढलं असेल तर तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना तिथे वकील मोफत मिळतो. जाताना आधारकार्ड, लग्नाचा पुरावा आणि दवाखान्याचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या.